एक नंबरचा कप्पा

"चाचा, एक नंबर में तो कुछ था ही नहीं. खाली पड़ा था, इसलिए उड़ा दिया," इम्रान म्हणाला, आणि आमच्या मधूनं खुर्चीत बसल्या बसल्या पायातले बूट काढले.

बूट काढले यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मधू ड्युटीवर असताना बूट काढत नाही. एकदा बुटात झुरळ शिरलं होतं. पाय आपटत बसला, घामाघूम झाला, पण ड्युटी संपल्यावरच बूट काढला. झुरळ तोवर मेलं होतं. त्या दिवशी मात्र त्यानं भरल्या ड्युटीत बूट काढले, मोजे गुंडाळून आत खोचले, बूट खाटेखाली सरकवले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

इम्रान घाबरला. "चाची, मैंने क्या किया?"

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "मला त्यातलं कळतं का?"

मधू म्हणजे माझा धाकटा दीर, मधुकर. आम्ही शेलार गावात राहतो. घर एकच, पण मधे भिंत घालून दारं दोन केलेली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. त्याची बायको लता वारली, मूलबाळ नाही. माझा नवरा तर फारच आधी गेला. जेवण माझ्याकडे होतं. स्वयंपाक झाला की मी भिंतीवर थाप मारते आणि तो येतो.

मधू पूर्णा गावच्या एका गोदामात डिस्पॅच क्लार्क होता. कुठला माल कुठल्या गाडीत गेला, ते बघायचं काम. तिथं सेठनं नवे कॉम्प्युटर घेतले, तेव्हा मधूचा जुना त्यालाच देऊन टाकला. मधूनं तो टेंपोतून घरी आणला. खाली गोधडी, वर गोधडी. लताला हॉस्पिटलातून आणलं तेव्हा एकच गोधडी होती, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, लता धक्का लागला तर बोलते. ह्यो बोलत न्हाय."

रिटायर झाला, पण ड्युटी सुटली नाही. सकाळी आंघोळ, देवपूजा, इस्त्रीचा शर्ट, बूट, आणि गळ्यात गोदामाचं ओळखपत्र. त्यातल्या फोटोत केस काळे आहेत. मग माझ्या दारात उभा राहून म्हणायचा, "वहिनी, ड्युटीवर चाललो." मी म्हणायचे, "जा, संभाळून." तो पुढच्या दारानं निघायचा, विहिरीला वळसा घालायचा आणि त्याच दारानं आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा. शेजारच्या कापडाच्या लूमवरचे कामगार आधी हसायचे. मग तेच त्याला "साहब, आज लेट?" म्हणून विचारायला लागले, तर हा खरंच लेट झाल्यासारखा झपाझप चालायचा.

त्या कॉम्प्युटरात मेल ठेवायचा एक प्रोग्राम आहे. हल्ली फोनवर दिसतात तसले मेल नव्हेत. हे कॉम्प्युटरच्या पोटात राहणारे. पडद्यावर डाव्या अंगाला पिवळे कप्पे दिसतात, एकाखाली एक. आलेला मेल वाचायच्या आधी तो कुठल्या कप्प्यात जाणार ते ठरलं पाहिजे, हा मधूचा नियम. "आधी कप्पा, मग गप्पा," हे त्याचं पालुपद. माणसांनाही तेच. नवीन माणूस घरी आला की पाणी विचारायच्या आधी त्याचा कप्पा तयार.

मासे विकायला येणाऱ्या यमुनेचासुद्धा कप्पा होता. यमुनेला मेल म्हणजे काय ते ठाऊक नाही. मग मधूच स्वतःला मेल करायचा, 'आज यमुनेचे बोंबील ताजे होते,' आणि तो तिच्या कप्प्यात ठेवायचा. मी म्हटलं, "हा काय पोरखेळ?" तो म्हणाला, "कप्पा रिकामा ठेवला तर माणसाचा अपमान होतो."

पण खरी गंमत पुढेच आहे. तो प्रोग्राम कप्पे एबीसीडीप्रमाणे लावतो. त्यात भाचा मामाच्या वर बसला. मधू संतापला. "ह्या प्रोग्रामला कुणी वळण लावला न्हाय. लहानमोठा कळत न्हाय त्याला!" आमच्याकडे लग्नाकार्यात मानपान मोठा. पहिलं पान कुणाला, पहिली पत्रिका कुणाला, यावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबलेत. मधूनं तोच मान कॉम्प्युटरात नेला. प्रत्येक नावाच्या आधी नंबर घातला. मग प्रोग्राम नंबराप्रमाणे बसवायला लागला, तर दहा नंबर एकच्या खाली आणि दोनच्या वर! दहा नंबरला लाईटबिल होतं. ते लताच्या डोक्यावर जाऊन बसलं. मधूनं दोन दिवस दाढी केली नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, एकेरी आकड्यांच्या आधी शून्य घाला. मग सगळे आपापल्या जागी बसले.

दोन नंबरला लता. ती गेल्यावर मी म्हटलं, आता काढशील तो कप्पा. तो म्हणाला, "माणूस जातो. त्याचा नंबर कशाला जाईल?" तिनं कधी मेल केला नाही, पण तिच्या तपासण्यांचे, औषधांचे, डॉक्टरांचे सगळे मेल त्यात होते. तीनला गोदामाचे सेठ. असं करत आठला गॅस सिलिंडर आणि नऊला हरीभाऊ.

हरीभाऊ म्हणजे आमच्या पार्वतीचे यजमान. पार्वती मधूची थोरली बहीण, खारबावला दिलेली. हरीभाऊंच्या नातवाचं बारसं होतं. त्यांनी फोन केला. मधू म्हणाला, "मेल टाका, भावोजी. फोनवरचं आमंत्रण मी धरत न्हाय." हरीभाऊ तणतणत स्कूटरवरून इथं आले. चष्मा पुसून त्यांनी पडदा बघितला, बोट थेट खाली आपल्या नावावर ठेवलं आणि ते ओरडले, "मी ह्या घरचा जावई! आणि सिलिंडर माझ्या वर?"

मधू शांतपणे म्हणाला, "भावोजी, सिलिंडर येळेवर येतो."

हरीभाऊंनी चहा अर्धा सोडला. जाता जाता त्यांचं बोट खालून वर सरकत दोनपर्यंत आलं. "बायको दोन नंबरला. मग एक नंबरला कोण बसवलाय?" मधूनं पटकन पडदा बंद केला. झालं. खारबावपर्यंत बातमी गेली, मधूचं गोदामात कुणीतरी होतं. पार्वती म्हणाली, देव असेल. मी म्हटलं, असेल कोणी साहेब. नावं सगळी इंग्रजीत. मी चौथी पास, ती पण मराठी शाळेत. पडदा माझ्यासमोर असला काय आणि नसला काय.

मला मधू सांगायचा, "वहिनी, तू एक मेल टाक मला."

"मी भिंतीपलीकडे राहते. थाप मारते ती पोचत न्हाय का तुला?"

"थाप कप्प्यात ठेवता येत न्हाय."

दर दिवाळीला हेच. एकदा त्यानं मला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला. बाण पडद्यावर उंदरासारखा पळत सुटला. मी म्हटलं, "वरवंटा बरा, जिथं ठेवला तिथं राहतो," आणि उठले. भात लागत होता. तो मागून काही म्हणाला. मी ऐकलं नाही.

तर कप्पे कसे बिघडले ते सांगते. मधूचा उजवा हात हल्ली थरथरतो. त्यात पार्वती आजारी पडली. तिनं रडून फोन केला, "मधू, ह्यांना एक तरी नंबर वर घे. रोज मला टोमणे मारतात." बहिणीसाठी मधू तयार झाला. हरीभाऊंचा कप्पा माऊसनं धरला आणि सिलिंडरच्या वर ओढायला लागला. हात हलला, कप्पा मधेच सुटला आणि नेमकी लाईट गेली. आमच्याकडे लाईट जाते तेव्हा आजूबाजूचे लूम एकदम बंद पडतात आणि कानात दडे बसतात. त्या शांततेत मधूची हाक आली, "वहिनी! भावोजी गेले!"

मी हातातलं टाकून धावले. मला वाटलं, हरीभाऊ वारले.

लाईट आली तर हरीभाऊ सिलिंडरच्या पोटात. सिलिंडर काही उघडेना. यमुनेच्या बोंबलांवर सेठचे मेल आले. लताचा कप्पा उघडला तर आत लाईटबिलं. मधू उघडायचा, बंद करायचा, परत उघडायचा. पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहायचं. "माझ्या लताच्या कप्प्यात बिलं!" एवढंच बोलत होता. दोन वेळा थाप मारली, जेवायला आला नाही. तेव्हा मीच नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून इम्रानला बोलावलं. दाढीवाला, गोड बोलणारा. मधूला चाचा म्हणतो म्हणून मला चाची म्हणायला लागला.

त्यानं बघितलं, मान हलवली. "चाचा, टेन्शन मत लो. मेल सब ज़िंदा है. लिस्ट बिगड़ गई है. लिस्ट एक घर बता रही है, आदमी दूसरे घर में बैठा है."

त्यानं काय केलं ते मला त्यानंच समजावून सांगितलं. आधी सगळे मेल पेनड्राइव्हवर घेतले. मग प्रोग्राम बंद केला आणि त्याची जुनी यादी फेकून दिली. यादी नसली की प्रोग्राम उघडताना स्वतःच दारोदार फिरतो आणि कोण कुठं राहतो ते नव्यानं लिहून घेतो. आमच्याकडे मतदारयादी करतात तसंच. फक्त हा मेलेल्यांची नावं परत घालत नाही, एवढाच फरक. अडकलेले कप्पे त्यानं सोडवले. जे एरर देत होते ते साफ केले. कचऱ्याची टोपली पण रिकामी केली. काम चोख होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

मधू त्याच्या मागे उभा, हात जोडल्यासारखे धरलेले. एकेक कप्पा आपल्या जागी आला. हरीभाऊ सिलिंडरच्या बाहेर निघाले. बोंबील आले. सेठ आले. लता आली, आत सगळ्या तपासण्या जशाच्या तशा. मधू हसला. खुर्चीत बसून तो खालून वर बोट नेत एकेक नाव वाचायला लागला. दोन नंबरपर्यंत आला आणि बोट तिथंच थांबलं.

"एक कुठाय?"

तेव्हा इम्रान ते वाक्य बोलला, जे मी वर सांगितलं.

मधू आडवा झाल्यावर इम्रान खाटेजवळ उकिडवा बसला. "चाचा, दूसरा बना देता हूँ. एक सेकंद का काम है. नाम वही, नंबर वही."

"न्हाय," मधू भिंतीकडे बघूनच बोलला. "गोदामात मेल सुरू झाला, सेठनी मला खुर्चीत बसवला, तवा पहिला काम मी तोच केला. तो पहिल्या दिवसाचा व्हता. तू करशील तो आजचा."

"तो वापस कैसे लाऊँ? अंदर कुछ होता तो ढूँढता. एक भी मेल नहीं था, चाचा."

"म्हाईत हाय मला."

यमुनेच्या कप्प्यात जो माणूस खोटे बोंबील भरत होता, त्यानं हा एक कप्पा इतकी वर्षं रिकामा ठेवला होता. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी इम्रानला चहा दिला. तो त्यानं उभ्यानंच प्यायला. दारात चपला घालताना हळूच म्हणाला, "चाची, बुरा मत मानना. एक नंबर पे 'वहिनी' लिखा था. चाचा की कोई भाभी है क्या? आप उनसे बात करके देखो. शायद वो समझा सकें."

तो मला मधूची बायको समजत होता.

"हाय," मी म्हटलं. "एकच हाय."

आता मधूच्या लग्नाचं सांगावं लागेल. मी या घरात आले तेव्हा सासू नव्हती आणि मधूच्या चड्डीला नाडी नव्हती. दोन्हीची जागा मी भरली. नवरा गेला तेव्हा मधू शाळेतच होता. मी लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, भाजी विकली, त्याला शिकवला. मोठेपणा सांगत नाही. दुसरं कोण करणार होतं? पोरगा हुशार होता, गोदामात लागला. लता मीच बघून आणली.

हळदीची संध्याकाळ. मांडवात पाटावर मधू उघड्या पायांनी बसलेला. आमच्याकडे लग्नात धवले गाणारी म्हातारी असते, धवलारीण. ती सांगेल तसं सगळं चालतं. तिनं विचारलं, "नवऱ्याची आई कोण? पयली हळद तिची."  मग तीच म्हणाली, "आई न्हाय तर जिनं वाढवला तिला बोलवा. ह्याची भावजय कुठं हाय?"

त्यावर आवाज आला तो हरीभाऊंचा. नवा जावई, नवा कोट. "विधवेचा हात नको. उद्या काय झाला तर कोण बघील?" धवलारीण भांडली. दोनचार माणसं हरीभाऊंकडून बोलली, बाकीची इकडेतिकडे बघायला लागली. मग तिनं मधूला विचारलं, "पोरा, तू सांग. तुझा लगीन हाय." मधू आपल्या पायांकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. शेवटी हरीभाऊंच्या आईनं पहिली हळद लावली आणि वाजंत्री सुरू झाली.

या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही. त्यानं काढली नाही, मी काढली नाही. लता घरात आली, गेली. मधे भिंत आली, दारं दोन झाली. मला वाटलं, तो विसरला असेल. बारीक पोरगा होता, एवढ्या माणसांपुढं काय बोलणार? आणि हरीभाऊ सिलिंडरच्या खाली का, ते मी त्याच्या चक्रमपणात जमा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधूनं बूट घातले नाहीत. "ड्युटीवर चाललो" आलं नाही. लूमचा एक कामगार दारात येऊन विचारून गेला, "साहब की छुट्टी है?" मी लुगडं बदललं आणि रिक्षा करून इम्रानच्या दुकानात गेले.

"मला मेल टाकायचाय," मी म्हटलं.

"किसको, चाची?"

"मधूला. आणि मी चाची न्हाय. त्याची वहिनी हाय."

इम्राननं जीभ चावली. मग गिऱ्हाइकाला बाजूला करून मला खुर्ची दिली. माझ्या नावाचं काय ते उघडलं. "बोलो, क्या लिखूँ?"

मी रिक्षात पुष्कळ ठरवलं होतं. तिथं एवढंच निघालं: 'मधू, चहा झालाय. उठून ये. वहिनी.'

"बस, इतना ही?"

"इतनाच."

त्यानं मला एक बटण दाखवलं. ते मी स्वतः दाबलं. वरवंट्यापेक्षा हलकं होतं.

घरी आले. चहा खरंच ठेवला. खोटं लिहायचं नव्हतं. मग भिंतीवर थाप मारली. "मधू, मेल आलाय तुझा."

 मग, "कोणाचा?"

"जाऊन बघ."

खाट करकरली. खाटेखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग बुटांचे आवाज. विहिरीला वळसा घातला नाही, सरळ कॉम्प्युटरकडे गेला. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. पडदा उजळला. एवढीशी ती ओळ, वाचायला त्याला फार वेळ लागला.  माऊसवरचा हात त्यानं दुसऱ्या हातानं धरला. काहीतरी टाईप केलं, थांबला, परत केलं. कितवा नंबर घातला ते मी विचारलं नाही.

मग मान न वळवता म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी बोलाया पाहिजे व्हता."

"पाहिजे व्हता," मी म्हटलं. "चहा निवतोय."

मांडव आणि मागची पडवी यात तेव्हा फटीतून पलीकडचं दिसेल अशी कुडाची भिंत होती. धवलारणीचा प्रश्न, हरीभाऊंचा आवाज आणि त्यानंतरचं मधूचं गप्प बसणं, सगळं पलीकडे ऐकू गेलं. पलीकडे मी होते. मटणाचं वाटण अर्धवट सोडून, पोराच्या अंगाला तिखट झोंबू नये म्हणून दोनदा हात धुऊन, बोलावण्याची वाट बघत बसले होते.